न पाहिलेल्या यंत्राची जबाबदारी कोणाची?

जुनी यंत्रसामग्री ऑनलाइन लिलावात काढणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांच्या अटींमध्ये एक वाक्य हमखास असते. माल ‘जसा आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकला जाईल आणि विक्रीनंतर कोणतीही तक्रार विचारात घेतली जाणार नाही, असे ते वाक्य. बोली लावणारा ते वाचतो, किंवा न वाचताच पुढच्या चौकोनात खूण करतो, आणि तेवढ्यावर यंत्रातल्या ज्ञात-अज्ञात सगळ्या दोषांचा भार त्याच्या डोक्यावर येतो. या वाक्याला माझा सरसकट विरोध नाही. दिवाळे निघालेल्या कारखान्यातली यंत्रे विकायला बसलेल्या अवसायकाला (मालमत्ता विकून देणी भागवण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) ती कशी चालत होती हे खरोखरच ठाऊक नसते, आणि जे ठाऊकच नाही त्याची हमी त्याच्याकडे मागण्यात काही अर्थ नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की, हे वाक्य ज्या परिस्थितीत रुळले ती परिस्थिती ऑनलाइन लिलावात उरलेली नाही, आणि तरीही ते जसेच्या तसे उचलून वापरले जात आहे. खरेदीदाराला यंत्र तपासण्याची खरी संधी मिळाली नसेल, तर विक्रेत्याने केलेले वर्णन हाच करार मानला पाहिजे, आणि त्या वर्णनातल्या खोटेपणाची किंवा सोयीस्कर मौनाची किंमत विक्रेत्याबरोबर लिलाव चालवणाऱ्या कंपनीनेही मोजली पाहिजे.

लिलावातल्या मालाला नेहमीच्या विक्रीपेक्षा कमी कायदेशीर संरक्षण देण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यामागे एक साधे कारण होते. लिलाव हा चारचौघांत होत असे, माल समोर मांडलेला असे, आणि ज्याला घ्यायचा त्याने आधी येऊन तो हाताळून पाहावा अशी अपेक्षा असे. पाहून घेतलेल्या मालाबद्दल मागाहून कुरकुर करू नये, हा त्यातला न्याय. आजच्या कायद्यांतही या कारणाच्या खुणा स्पष्ट दिसतात. ब्रिटनचा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा जाहीर लिलावात जुना माल घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही, पण त्यासाठी लोकांना त्या लिलावाला प्रत्यक्ष हजर राहण्याची संधी असली पाहिजे अशी अट घालतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात दूरस्थ खरेदी चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्क जाहीर लिलावाला लागू नाही. मात्र कोणालाही वापरता येणारे ऑनलाइन लिलावाचे संकेतस्थळ म्हणजे जाहीर लिलाव नव्हे, असा खुलासाही त्याच निर्देशाच्या प्रास्ताविकात आहे. त्याआधीच, नोव्हेंबर २००४ मध्ये, जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ‘ईबे’ या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावरील व्यवहाराबाबत असाच निकाल दिला होता. तिथे कोणी लिलावदार हातोडा मारत नाही, ठरलेली वेळ संपते आणि सौदा होतो, म्हणून कायद्याच्या अर्थाने तो लिलावच नाही आणि व्यावसायिक विक्रेत्याकडून घेणाऱ्या ग्राहकाला माल परत करण्याचा हक्क आहे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते.

एवढे स्पष्ट असताना प्रश्न उरतोच कुठे, असे वाटणे साहजिक आहे. तो उरतो, कारण हे सगळे संरक्षण ‘ग्राहकां’साठी आहे आणि जुनी यंत्रे घेणारा माणूस पुष्कळदा कायद्याच्या भाषेत ग्राहक नसतो. त्याकडे वळण्यापूर्वी ‘पाहून घेणे’ म्हणजे नेमके काय, हे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण सगळा वाद तिथेच आहे.

लेथचे, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कातणाऱ्या यंत्राचे, उदाहरण घेऊ. जुन्या लेथची खरी प्रकृती त्याच्या बेडवर, म्हणजे हत्यार ज्यावरून सरकते त्या लांब पायावर, कळते. रोजचे बहुतेक काम तुकडा पकडणाऱ्या चकच्या आसपास होत असल्यामुळे बेड तिथेच जास्त झिजतो आणि टेलस्टॉककडचे, म्हणजे विरुद्ध बाजूचे, टोक मात्र जवळजवळ नव्यासारखे राहते. जाणता खरेदीदार हत्यार धरणारी कॅरेज चकजवळ आणतो, तिथे ती जेमतेम सरकेल इतपत आवळतो आणि मग टेलस्टॉकच्या दिशेने फिरवत नेतो. अर्ध्या वाटेत ती घट्ट होऊन अडली, की बेड किती खाल्ला गेला आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. त्यानंतर तो हत्यार आडवे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचे हँडल पुढे-मागे फिरवून किती मोकळा फेरा जातो ते पाहतो, स्पिंडल फिरता ठेवून बेअरिंगचा आवाज ऐकतो, गिअर बदलताना हाताला काय जाणवते ते टिपतो. दहा-पंधरा मिनिटांचे हे काम आहे आणि यंत्राची निम्मी किंमत त्यावर ठरते. संकेतस्थळावरच्या फोटोत यातले काहीच येत नाही. तिथे दिसतो तो नुकताच मारलेला हिरवा रंग.

खोदकामाच्या एक्स्कॅव्हेटरचेही तसेच. यंत्र किती तास चालले ते मोजणारा अवर मीटर बदलता येतो, पण चालकाच्या पायाखालचे पेडल घासून गुळगुळीत झालेले असेल तर मीटरवरच्या कमी तासांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. बूम (लांब हात) आणि बकेट यांच्या सांध्यांतल्या पिना-बुशांमधली ढिलाई हाताने हलवून कळते. इंजिनाची अवस्था थंड असताना पहिल्यांदा सुरू केल्यावर कळते, आणि म्हणूनच काही विक्रेते व्हिडिओ काढण्यापूर्वी ते तासभर चालवून तापवून ठेवतात. संगणक-नियंत्रित यंत्रांत तर गंमत आणखी वेगळी आहे. जुन्या कंट्रोलरमधले पॅरामीटर, म्हणजे यंत्र चालवण्याची मूळ मापे, बॅटरीच्या आधारावर जपलेले असतात. बंद पडलेल्या कारखान्यात यंत्र महिनोन्महिने विजेविना उभे राहिले आणि ती बॅटरी संपली, की ते पुसले जातात, आणि त्यांची प्रत कोणी जपून ठेवली नसेल तर यंत्र जागचे हलत नाही. ‘कारखाना बंद झाला तेव्हा चालू स्थितीत होते’ हे विक्रेत्याचे विधान अशा वेळी अक्षरशः खरे असते. प्रयोगशाळेतल्या साधनांच्या बाबतीत उपकरण हाती येते, पण ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना पहिल्या मालकाच्याच नावावर राहतो. हे दोष छायाचित्राला दिसत नाहीत. ज्याने ते यंत्र वापरले त्याला मात्र चांगले माहीत असतात.

माहितीच्या या विषमतेचे बाजारावर काय परिणाम होतात, हे अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन मांडले आणि पुढे २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा युक्तिवाद असा: चांगला माल कोणता आणि खराब कोणता हे ओळखता येत नसेल, तर खरेदीदार सरासरी दर्जा धरूनच भाव सांगतो. त्या भावात चांगल्या मालाच्या मालकाचे नुकसान होते, म्हणून तो बाजारातून निघून जातो. मग सरासरी आणखी घसरते, आणि शेवटी बाजारात खराब मालच उरतो. ‘जसे आहे, जेथे आहे’ हे कलम म्हणजे विक्रेत्यांना मिळालेली सवलत आहे असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, ज्याने आपले यंत्र नीट सांभाळले, वेळेवर तेल-पाणी केले, देखभालीच्या नोंदी ठेवल्या, त्या विक्रेत्याला या कलमाचा काडीचाही उपयोग नाही. उलट त्याच्या यंत्राला इतरांच्या भंगाराचा भाव मिळतो. त्यात लिलावाचा स्वभावच असा की ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकला, तो जिंकण्याची शक्यता सर्वाधिक. यंत्र समोर पाहिलेल्या दहा जणांचे अंदाज एकमेकांच्या जवळपास असतात. फोटो पाहून केलेले अंदाज दूरवर पसरतात, आणि त्यातला सर्वांत आशावादी माणूस पैसे भरतो.

दोष सांगण्याची सक्ती हे आधुनिक ग्राहक चळवळीचे खूळ आहे, असा एक सूर मधूनमधून ऐकू येतो. तो खरा नाही. प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जाहीरनाम्यानुसार जनावरे आणि गुलाम विकणाऱ्याला त्यांचे रोग आणि खोडी आधी सांगाव्या लागत. न सांगितलेला दोष निघाला तर खरेदीदार सहा महिन्यांच्या आत सौदा मोडू शकत असे किंवा वर्षभरात किमतीतला फरक मागू शकत असे, आणि मला तो दोष ठाऊक नव्हता ही सबब विक्रेत्याच्या कामी येत नसे. माणसांच्या खरेदी-विक्रीसाठी केलेला हा नियम आज अंगावर काटा आणतो; पण विक्रीच्या कायद्याच्या दृष्टीने त्यातली समज पक्की होती. चालत्या-फिरत्या, वापरलेल्या ‘मालात’ फसवणुकीला सर्वाधिक वाव असतो आणि तो बंद करण्याची ताकद विकणाऱ्याच्या हातात असते, हे त्या अधिकाऱ्यांनी ओळखले होते.

लिलाव कंपन्यांचे यावर ठरलेले उत्तर असते: आम्ही पाहणीचा दिवस ठेवतो, कोणीही यावे. कागदावर हे खरे असते. प्रत्यक्षात तो दिवस पुष्कळदा कामाच्या दिवशी एखाद्या दुपारी असतो, यंत्र शेकडो किलोमीटर दूर असते, त्याची वीज तोडलेली असते आणि सुरू करून दाखवणारे कोणी हजर नसते. एका यादीत दोन-तीनशे यंत्रे असतात, प्रत्येकावर बोली लावणाऱ्याला जिंकण्याची खात्री नसते, आणि न जिंकलेल्या प्रत्येक यंत्रासाठी केलेला प्रवास वाया जातो. अशी संधी ही खरेदीदाराच्या सोयीसाठी दिली जाते की पुढे वाद झाला तर दाखवायला असावी म्हणून, याचा निर्णय वाचकांनीच करावा. माझ्या मते पाहणीची संधी खरी मानायची तर यंत्र विजेवर किंवा इंधनावर चालवून दाखवले गेले पाहिजे, आणि खरेदीदाराने पाठवलेल्या माहितगार माणसाला हात लावू दिला पाहिजे. एवढे झाले असेल, तर ‘जसे आहे’ हे कलम खुशाल लागू व्हावे. ते झाले नसेल, तर नाही.

आता त्या खरेदीदाराकडे. ग्राहक संरक्षणाचे बहुतेक कायदे घरगुती वापरासाठी वस्तू घेणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. व्यापारी हेतूने खरेदी करणारा स्वतःचे हित पाहायला समर्थ असतो, त्याच्याकडे वकील असतो, अभियंता असतो, असे त्यात गृहीत आहे. मोठ्या उद्योगाच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण मोठा उद्योग नवे यंत्र घेतो. जुने यंत्र घेणारा असतो तो एका शेडमध्ये दोन कामगार घेऊन काम करणारा, छपाईचा छोटा व्यवसाय सुरू करणारी एखादी बाई, नुकताच स्वतःच्या पायावर उभा राहू पाहणारा सुतार. त्याच्या हातात वाचवलेले किंवा कर्जाऊ घेतलेले पैसे असतात आणि हा एक सौदा फसला तर दुसरा करण्याची ऐपत नसते. घरातला पंखा बिघडला तर त्याला कायद्याचे छत्र मिळते, पण ज्यावर पोट आहे ते यंत्र बिघडलेले निघाले तर कायदा त्याला ‘व्यापारी’ म्हणून बाजूला करतो. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने या बाबतीत एक शहाणपणाची वाट काढलेली आहे: केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू तो व्यापारी हेतूची मानत नाही. हे तत्त्व सगळीकडे स्वीकारण्याजोगे आहे. त्याउलट, देशोदेशींच्या व्यापाऱ्यांमधील मालविक्रीसाठी १९८० मध्ये व्हिएन्ना येथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने लिलावाची विक्री पूर्णपणे आपल्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. म्हणजे सीमेपलीकडून लिलावात यंत्र घेणारा छोटा उद्योजक ग्राहकांच्या कायद्यातही बसत नाही आणि व्यापाऱ्यांच्या या करारातही नाही.

कायदा नसला तरी विक्रेत्याची पत असते, वाईट शेऱ्यांची भीती त्याला सरळ ठेवते, असा युक्तिवाद ऑनलाइन बाजाराच्या समर्थकांकडून होतो. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत ‘ईबे’वर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात, एकाच प्रकारची जुनी टपालकार्डे नाव कमावलेल्या खात्यावरून आणि नव्या खात्यांवरून विकली असता, नावाजलेल्या खात्याला सुमारे ८ टक्के जास्त भाव मिळाल्याचे आढळले. पण टपालकार्डे विकणारा उद्याही विकणार असतो. कारखाना बंद करून यंत्रे मोडीत काढणारा मालक आयुष्यात एकदाच विकतो. पत टिकवण्याची त्याला गरजच उरलेली नसते. शिवाय शेरे देण्याची पद्धतही निर्दोष नाही. वाईट शेरा दिला तर विक्रेताही उलट वाईट शेरा देईल या भीतीने खरेदीदार गप्प बसत, हे ‘ईबे’लाच मान्य करावे लागले आणि २००८ मध्ये विक्रेत्यांचा खरेदीदारांना प्रतिकूल शेरा देण्याचा अधिकार काढून घ्यावा लागला. यंत्राच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. शेरा यंत्र पोहोचल्याच्या आठवड्यात दिला जातो आणि दोष कळतो ते पाया घालून, वीजजोडणी घेऊन, पहिले काम हातात घेतल्यावर.

म्हणून जबाबदारीचा मोठा वाटा लिलाव चालवणाऱ्या कंपनीवर टाकावा लागेल, आणि तसे करण्यात अन्याय नाही. क्रिस्टीज आणि सदबीज या लंडनच्या लिलावगृहांनी १९७५ मध्ये खरेदीदाराकडूनही हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे जिंकलेल्या बोलीवर, अधिभार घ्यायला सुरुवात केली, आणि आज यंत्रांच्या ऑनलाइन लिलावांतही ती रीत सर्रास आहे. जो दोन्ही बाजूंकडून पैसे घेतो, त्याने वाद निघाला की ‘आम्ही फक्त जागा उपलब्ध करून देतो’ असे म्हणावे, हे पटण्यासारखे नाही. आणि जबाबदारी घेऊन धंदा चालत नाही असेही नाही. बांधकामाची अवजड यंत्रे ऑनलाइन विकणाऱ्या ‘आयर्नप्लॅनेट’ने आपल्या निरीक्षकांकडून यंत्र तपासून घ्यायचे आणि त्या अहवालात जे लिहिले आहे ते खरे असल्याची हमी स्वतः द्यायची, अशी पद्धत बसवली, प्रत्यक्ष लिलावांच्या क्षेत्रात १९५८ पासून असलेल्या ‘रिची ब्रदर्स’ने २०१७ मध्ये ती कंपनी विकत घेतली. ही हमी यंत्र चांगले असल्याची नाही हे नीट समजून घ्यावे. पाच ठिकाणी तेल गळते असे अहवालात असेल आणि पाच ठिकाणीच गळत असेल, तर तक्रारीला जागा नाही. सहाव्या ठिकाणी गळाले तर आहे.

हाच फरक कायद्यानेही करावा असे माझे म्हणणे आहे, आणि त्याचा पाया कायद्यात आधीपासून आहे. वर्णन करून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, हे तत्त्व ब्रिटनच्या १८९३ च्या मालविक्री कायद्यात होते आणि तिथून ते भारताच्या १९३० च्या कायद्यात आले. अमेरिकेच्या एकरूप व्यापार संहितेतही ‘जसे आहे’ म्हटल्याने मालाच्या दर्जाची गर्भित (न सांगताही गृहीत धरलेली) हमी जाते, पण विक्रेत्याने वर्णनातून स्वतःच जी हमी दिली ती सहजासहजी पुसता येत नाही. अडचण अशी की, वर्णन जितके तपशीलवार, तितके बंधन अधिक. त्यामुळे वकिलाचा सल्ला घेणारा विक्रेता ‘लेथ, एक नग, वापरलेला’ एवढेच लिहून मोकळा होतो. अर्थतज्ज्ञ ग्रेगरी लुईस यांनी ‘ईबे’वरील मोटारींच्या लिलावांचा अभ्यास करून २०११ मध्ये असे दाखवले की जास्त फोटो आणि जास्त मजकूर देणाऱ्या विक्रेत्यांना भावही जास्त मिळतो, कारण तो मजकूर खरेदीदाराच्या हातात करारासारखा राहतो. म्हणजे बाजार काही प्रमाणात बोलक्या विक्रेत्याला बक्षीस देतो. पण ज्याच्याकडे लपवण्यासारखे आहे, तो त्या बक्षिसावर पाणी सोडतो आणि गप्प राहतो.

या मौनावर उपाय म्हणजे ठरावीक प्रश्नांची यादी. प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी दहा-बारा प्रश्न असावेत: अलीकडे चालले का, पूर्ण भारावर चालले का, मोठे भाग बदलले का, वेल्डिंगची दुरुस्ती आहे का, अवर मीटर मूळचा आहे का, पॅरामीटरची प्रत उपलब्ध आहे का, सॉफ्टवेअरचा परवाना हस्तांतरित होतो का. प्रत्येकाला उत्तरे तीनच: ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘मला माहीत नाही’. तिसरे उत्तर देण्याची मुभा असली पाहिजे, कारण अवसायकाला ते प्रामाणिकपणे द्यावे लागते. ते वाचून खरेदीदार आपली बोली कमी करेल आणि तो न्याय्य व्यवहार होईल. पण ज्याने पंधरा वर्षे ते यंत्र स्वतः चालवले त्याने ‘माहीत नाही’ असे लिहिले, आणि पुढे त्याच दोषासाठी त्याने मेकॅनिक बोलावल्याची पावती निघाली, तर ती फसवणूक ठरावी आणि कोणतेही कलम त्याच्या आड येऊ नये. ‘ईबे’ची पहिली विक्री १९९५ मध्ये बिघडलेल्या लेझर पॉइंटरची झाली आणि संस्थापक पिएर ओमिड्यार यांनी तो बिघडलेला आहे हे माहीत आहे ना, असे खरेदीदाराला विचारून घेतले, ही हकिकत ती कंपनी कौतुकाने सांगत आली आहे. बिघडलेला माल विकण्यात काही वावगे नाही. न सांगता विकण्यात आहे.

हक्क कागदावर असून भागत नाही, कारण पैसे एकदा विक्रेत्याच्या खात्यात गेले की खरेदीदाराने कितीही दाद मागितली तरी तो मागे धावणारा असतो. क्रेडिट कार्डाने घेतलेल्या छोट्या वस्तूच्या बाबतीत कार्ड देणारी बँक पैसे परत वळवू शकते. यंत्राची रक्कम मात्र सहसा थेट बँक हस्तांतरणाने जाते आणि ते हस्तांतरण उलटवणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे रक्कम त्रयस्थाकडे अडवून ठेवणे आणि यंत्र पोहोचून ठरावीक मुदत उलटल्यावरच ती सोडणे, हा जुन्या यंत्रांच्या व्यवहारातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. अशी त्रयस्थ सेवा देणाऱ्या कंपन्या पंचवीसएक वर्षांपासून आहेत. दुर्दैवाने त्यांच्या नावाशी मिळतीजुळती बनावट संकेतस्थळे काढून लुबाडणारेही तितकेच जुने आहेत, आणि त्यांचा नेहमीचा डाव असा की त्रयस्थाचे नाव विक्रेताच सुचवतो. म्हणून ही सोय खरेदीदाराने बाहेर शोधण्याऐवजी लिलाव कंपनीने, नियामकाच्या देखरेखीखाली, स्वतःच पुरवली पाहिजे. मुदतही यंत्रानुसार असावी. टेबलावर मावणाऱ्या, विद्युत संकेत दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला आठवडा पुरतो. पाया घालून उभारायच्या प्रेसला पुरत नाही.

दोष सिद्ध झाला तर पुढे काय, या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ‘माल परत, पैसे परत’ ही कल्पना खोक्यात मावणाऱ्या वस्तूंवरून आलेली आहे. आठ टनांचे यंत्र क्रेनने उतरवून घेतल्यावर पुन्हा चढवून शेकडो किलोमीटर परत पाठवायचे, तर वाहतुकीचा खर्च कधीकधी यंत्राच्या किमतीच्या घरात जातो, आणि विक्रेत्याने तोवर जागा रिकामी केलेली असते. अशा व्यवहारात किमतीतला फरक परत मिळणे हाच खरा उपयोगी हक्क आहे: सांगितलेल्या अवस्थेतल्या यंत्राची किंमत आणि आलेल्या यंत्राची किंमत यांतले अंतर. रोमन कायद्यात तो होता, व्हिएन्ना करारात आहे, लिलावाला मात्र तो करार लागू नाही. फरक ठरवण्यासाठी दोघांना मान्य असा तज्ज्ञ यंत्र पाहील, त्याची फी आधी लिलाव कंपनी भरेल आणि जो हरेल त्याच्याकडून वसूल करेल, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. यातल्या बहुतेक वादांना न्यायालयाची पायरी चढावी लागू नये.

मालकीचा प्रश्न याहून सोपा आहे, म्हणून थोडक्यात. यंत्रावर बँकेचा बोजा आहे का, ते भाड्याने आणलेले तर नाही ना, चोरीचे तर नाही ना, हे तपासण्याची साधने विक्रेता आणि लिलाव कंपनी यांच्याकडे असतात. बोलीदाराला तर विक्रेत्याचे नावही पुष्कळदा बोली जिंकल्यानंतरच कळते. ‘जसे आहे’ हे कलम मालकीतल्या दोषापर्यंत ताणता येऊ नये, आणि अनुक्रमांकाचा स्पष्ट फोटो नसलेले यंत्र यादीत येऊच नये. बनावट बोलीबाबतही कायदा पुरेसा स्पष्ट आहे. भारताच्या १९३० च्या कायद्यानुसार विक्रेत्याने भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली तर खरेदीदार सौदा रद्द करू शकतो. अमेरिकन संहितेत तो सौदा मोडू शकतो किंवा शेवटच्या प्रामाणिक बोलीच्या भावाने माल घेऊ शकतो. अडते ते पुराव्यापाशी. कोणत्या खात्यावरून, कोणत्या यंत्रणेतून किती बोली आल्या याची नोंद फक्त लिलाव कंपनीकडे असते, आणि वाद झाल्यावर ती नोंद खरेदीदाराला दाखवण्याची सक्ती नसेल तर तो हक्क नुसता छापलेला राहतो.

या सगळ्याला होणारा सर्वांत वजनदार आक्षेप किमतीचा आहे. जुनी यंत्रे स्वस्त मिळतात ती जोखमीसह मिळतात म्हणून. जोखीम विक्रेत्यावर टाकली तर भाव चढतील, आणि काही यंत्रे लिलावात येण्याऐवजी सरळ भट्टीत जातील, असे म्हटले जाते. भाव चढतील हे मला मान्य आहे, आणि ज्या यंत्राची माहिती खरी आहे त्याचे ते चढलेच पाहिजेत. न कळणाऱ्या दोषांची जोखीम मी विक्रेत्यावर टाकत नाही. ती ‘माहीत नाही’ या उत्तराबरोबर खरेदीदाराकडेच राहते आणि त्या जोखमीचा स्वस्तपणाही त्यालाच मिळतो. जो स्वस्तपणा संपेल तो लपवलेल्या दोषांचा, आणि तो मुळात स्वस्तपणा नव्हताच, कारण दुरुस्तीचा खर्च मागाहून खरेदीदार भरतच होता. तपासणीचा खर्च लहान यंत्रांना झेपणार नाही हा मुद्दा मात्र खरा आहे. हँड ड्रिलसाठी निरीक्षक पाठवणे हास्यास्पद ठरेल. तिथे प्रश्नांची यादी आणि अडवून ठेवलेली रक्कम एवढेच पुरे, आणि एका ठरावीक किमतीच्या वरच्या यंत्रांना तपासणी अहवाल सक्तीचा करावा.

दुसरा आक्षेप लबाड खरेदीदारांचा. चांगला पंप काढून घ्यायचा, आपला जुना बसवायचा आणि पंप खराब होता अशी तक्रार करायची, हे प्रकार घडतात आणि त्यांचा फटका प्रामाणिक विक्रेत्याला बसतो. त्यावर उपाय पाठवणीच्या वेळी करायचा असतो: मुख्य भागांचे अनुक्रमांक, चालू यंत्राचा सलग व्हिडिओ, त्यात दाब आणि तापमानाचे मापक स्पष्ट दिसलेले, आणि खरेदीदाराने उतरवून घेताना केलेले तसेच चित्रण. ज्या बाजूकडे हे चित्रण नसेल तिचे म्हणणे कमकुवत धरावे. खरेदीदारावरही मुदतीचे बंधन असावे. सहा महिने यंत्र राबवून मग बेअरिंगची तक्रार घेऊन येणाऱ्याला दारातच नकार मिळावा. आणि ज्याला पाहणीची खरी संधी मिळाली, यंत्र चालवून दाखवले गेले, तरीही जो गेला नाही किंवा कोणाला पाठवले नाही, त्याने नंतर माहीत असून न सांगितलेल्या दोषाखेरीज इतर कशाबद्दलही दाद मागू नये, एवढी सवलत विक्रेत्याला देण्यास माझी हरकत नाही.